घर चार रात्रींसाठी द्यायचं आहे? आधी कागद, मग फोटो

कोकणातलं वडिलोपार्जित घर, पुण्यातला रिकामा फ्लॅट किंवा गोव्यात गुंतवणूक म्हणून घेतलेला टू बीएचके पर्यटकांना रात्रीच्या हिशोबाने द्यायचं ठरलं, की जवळजवळ सगळे उलट्या क्रमाने जातात. आधी फोटो, मग ॲपवर लिस्टिंग, मग पहिलं बुकिंग. कागदांची आठवण होते ती सोसायटीची नोटीस दारावर चिकटल्यावर, नाहीतर विवरणपत्र भरताना सीएने ‘हे पैसे कसले?’ विचारल्यावर. तोवर वीज घरगुती दराने वापरून झालेली असते, परदेशी पाहुणा राहून गेलेला असतो आणि घराच्या निम्म्या हिस्सेदारांना पत्ताच नसतो.

यातलं बरंचसं नंतर दुरुस्त करता येतं, पण महागात पडतं. क्रम सरळ ठेवला तर खर्च फारसा नाही, फक्त दोन-तीन महिने हाताशी ठेवावे लागतात. मे महिन्याचा हंगाम धरायचा असेल तर दिवाळी आटोपली की कामाला लागा. पुढचं सगळं महाराष्ट्र आणि गोवा डोळ्यांपुढे ठेवून लिहिलं आहे.

## टप्पा १ : भाडं की मुक्काम, हे आधी ठरवा

पुढचा प्रत्येक कागद या एका उत्तरावर ठरतो. तुम्ही घर भाड्याने देताय, की पाहुण्याला मुक्काम विकताय?

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. ती जबाबदारी घरमालकाची. नोंदणी केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हे वाचून काही जण घाबरतात आणि दोन रात्रींच्या पाहुण्याकडूनही अकरा महिन्यांचा करार करून घ्यायला बघतात. त्याची गरज नाही. याच कायद्याच्या ‘लायसन्सी’च्या व्याख्येतून हॉटेल, लॉजिंग हाऊस, गेस्ट हाऊसमधला मुक्कामी आणि मालक राहतो त्याच घरात राहणारा पेइंग गेस्ट वगळलेले आहेत.

सोय आहे तिथेच अडचणही आहे. करार नको म्हणून ‘आमचं गेस्ट हाऊस आहे’ म्हणायचं, आणि सोसायटी, वीज कंपनी, जीएसटी यांच्यापुढे ‘आम्ही तर साधं भाड्याने देतो’ म्हणायचं, असं दोन्हीकडून चालत नाही. एकदा मुक्काम विकताय म्हटलं की सगळीकडे तेच म्हणायचं.

व्यवहारात तीन प्रकार दिसतात:

- तुम्ही त्याच घरात राहता आणि दोन-तीन खोल्या पाहुण्यांना देता. हा खरा होमस्टे. कागदांच्या दृष्टीने सर्वांत सोपा.
- घर बंद असतं, केअरटेकर किल्ली देतो. हा व्यवहार गेस्ट हाऊसच्या जवळ जातो. नाव होमस्टे ठेवलं तरी.
- एखाद्या चालक कंपनीला घर वर्षभरासाठी दिलं, पुढे पाहुणे ती आणते. इथे तुम्ही साधे घरमालक. त्या कंपनीशी केलेला करार नोंदणीकृत हवा आणि पाहुणे ठेवण्याची मुभा, तिच्या अटी, परवान्यांची जबाबदारी कोणाची, हे त्यात स्पष्ट लिहिलेलं हवं.

सावध : एकच माणूस सलग दोन-तीन महिने राहणार असेल, स्वतः स्वयंपाक करणार असेल, चादरी बदलायलाही कोणी जाणार नसेल, तर तो मुक्काम राहत नाही. तिथे लिव्ह अँड लायसन्सच करा. मुद्रांक शुल्क पाव टक्का आहे. नोंदणी फी शहरी हद्दीत १,००० आणि ग्रामीण भागात ५०० रुपये. एवढ्यासाठी पुढे ताबा मिळवण्याचा वाद ओढवून घेऊ नका.

## टप्पा २ : घरावर नाव कोणाचं, आणि परवानगी कोणाची

गावातलं घर. कोकणात सर्वाधिक घोटाळा इथेच होतो. घरपट्टी आजोबांच्या नावाने, लाइट बिल थोरल्या काकांच्या नावाने, दुरुस्तीचा खर्च तुमचा आणि किल्ली शेजारच्या वहिनींकडे. ग्रामपंचायतीचा असेसमेंट उतारा, म्हणजे नमुना ८, हा कर आकारणीचा कागद आहे. मालकीचा पुरावा नव्हे. सात-बारा किंवा मिळकत पत्रिका काढा, त्यावर किती नावं आहेत ते मोजा, आणि जिवंत असलेल्या प्रत्येक सहहिस्सेदाराचं संमतीपत्र घ्या. वारस नोंद राहिली असेल तर आधी ती करा. तलाठ्याकडे फेरफार अडकला तर तुमचं सगळं वेळापत्रक तिथेच थांबतं, म्हणून हे काम पहिलं.

संमतीपत्रात तीन गोष्टी लिहा: घर कोण चालवणार, त्याला चालवण्याची मुभा किती काळ, आणि पैसे कसे वाटायचे. तिसरी गोष्ट सातव्या टप्प्यात आयकराला लागणार आहे. ‘घरातल्या घरात कसला कागद’ असं म्हणणारे हिस्सेदार पहिल्या चांगल्या हंगामानंतर हिशोब मागतात, असा अनुभव गावोगाव आहे.

घर गावठाणात असेल तर बिगरशेतीचा प्रश्न सहसा येत नाही. शेतजमिनीत बांधलेलं घर असेल, बाजूला दोन कॉटेज उभी करायची असतील किंवा घर समुद्राला लागून असेल, तर वापर बदल आणि सीआरझेड (किनाऱ्यालगतच्या बांधकामाचे नियम) या दोन्ही गोष्टी आधी तपासा. जुन्या घरात पाहुणे ठेवणं वेगळं आणि भरतीरेषेजवळ नवं बांधकाम करणं वेगळं. दुसऱ्यात थेट पाडकामाची नोटीस येऊ शकते.

शेवटी ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला. अर्जात ‘घरगुती वापरासह पर्यटकांच्या निवासासाठी’ असं स्पष्ट लिहा. मोघम दाखला पुढच्या कार्यालयात कोणी मानत नाही.

सोसायटीतला फ्लॅट. सोसायटीचे उपविधी मागवून वाचा. फ्लॅट राहण्यासाठी दिलेला असतो. रात्रीच्या हिशोबाने पाहुणे ठेवणं त्यात बसतं का, यावर वाद होतोच. सचिवांना लेखी पत्र द्या, किती पाहुणे, कोणत्या वेळा, ओळखपत्र कोण तपासणार ते लिहा, आणि लेखी उत्तर घ्या. फ्लॅट बाहेरच्याला दिल्याबद्दल सोसायटी ना-वापर शुल्क लावू शकते, पण सरकारच्या २००१ च्या आदेशानुसार ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त असता कामा नये, आणि त्या सेवाशुल्कात महापालिकेचे कर धरत नाहीत.

इथली नेहमीची चूक म्हणजे वॉचमनशी जमवून घेणं. पाहुण्यांना ‘कोणी विचारलं तर मालकाचे नातेवाईक आहोत म्हणा’ असं शिकवलं जातं. दहावा पाहुणा ते विसरतो. सोसायटीचा स्पष्ट नकार असेल तर तो नकार समजा आणि फ्लॅट अकरा महिन्यांच्या करारावर द्या. सभासदत्व पणाला लावून शनिवार-रविवारचे पैसे कमावण्यात अर्थ नाही.

तपासा : गृहकर्ज चालू असेल तर कर्जकरारातली वापराची अट, आणि घराचा विमा असेल तर व्यावसायिक वापर त्यातून वगळला आहे का. गीझरच्या शॉर्टसर्किटने आग लागली आणि घरात पैसे देणारा पाहुणा होता, एवढ्यावर दावा नाकारला जाऊ शकतो.

## टप्पा ३ : पर्यटन खात्यात नोंदणी

महाराष्ट्र आणि गोवा यांत इथे मोठा फरक आहे, आणि पुणे-मुंबईचे बरेच मालक तो गृहीतच धरत नाहीत.

गोव्यात १९८२ चा पर्यटन व्यवसाय नोंदणी कायदा आहे. पैसे घेऊन पर्यटकांना राहायला जागा देणाऱ्याने पर्यटन खात्याकडे नोंदणी करायचीच. खोली एक असो वा वीस, आणि फ्लॅट असो वा पोर्तुगीज काळातलं घर. ‘मी तर फक्त सुट्टीत देतो’ ही सबब नाही. इमारतीचा भोगवटा दाखला, पंचायत किंवा पालिकेचं ना हरकत आणि मालकीचे कागद हाताशी ठेवा. भोगवटा दाखला बिल्डरने दिलाच नसेल, तर सहसा याच पायरीवर ते कळतं.

महाराष्ट्रात नोंदणी योजनांच्या स्वरूपात आहे. पर्यटन महामंडळाची न्याहारी-निवास योजना जुनी आणि ओळखीची. शेतकऱ्यांसाठी २०२० चं कृषी पर्यटन धोरण आहे, त्याची नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे. केंद्र सरकारचीही होमस्टे वर्गीकरण योजना आहे: एक ते सहा खोल्या, जास्तीत जास्त बारा खाटा, आणि मालकाचं कुटुंब त्याच वास्तूत राहत असलं पाहिजे.

ही शेवटची अट लोक वाचतच नाहीत. बंद घराचे मालक अर्जात ‘मी तिथेच राहतो’ लिहितात, तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याला स्वयंपाकघरात एकही डबा दिसत नाही, आणि अर्ज परत येतो. घर बंद असेल तर सरळ गेस्ट हाऊसच्या वाटेने जा. महापालिका हद्दीत निवासगृहाचा परवाना लागतो का, हे वॉर्ड ऑफिसात लेखी विचारा. तोंडी ‘काही लागत नाही’ला किंमत शून्य.

## टप्पा ४ : वीज, गॅस, ताट

हा टप्पा लहान आहे, पण दंड इथेच पटकन बसतो.

वीज मीटर घरगुती वर्गात आहे. वापर बदलला तर वितरण कंपनीला लेखी कळवा आणि तुमचा वापर कोणत्या वर्गात बसतो ते लेखी घ्या. पर्यटन नोंदणी असेल तर तिची प्रत अर्जाला जोडून घरगुती दराची मागणी करा. न कळवता वापरलेल्या विजेवर वीज कायदा, २००३ च्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होते. गैरवापर कधी सुरू झाला ते ठरवता आलं नाही, तर तपासणीच्या आधीचे बारा महिने धरतात. तीन एसी असलेल्या घराचं हे बिल स्वतः काढून बघा.

पाहुण्यांचं जेवण घरगुती लाल सिलिंडरवर शिजवू नका. १४.२ किलोचा तो सिलिंडर घरापुरता आहे. व्यवसायाला १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर. नाश्ता किंवा जेवण पैसे घेऊन देत असाल तर एफएसएसएआयची (अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी करा, ती ऑनलाइन होते. दारू विकायची नाही, खोलीच्या दरात ‘धरून’सुद्धा द्यायची नाही.

## टप्पा ५ : पाहुण्यांची नोंद, आणि परदेशी पासपोर्ट

एक जाड रजिस्टर घ्या. नाव, पत्ता, मोबाइल, कुठून आले, कुठे जाणार, येण्याची आणि जाण्याची वेळ, ओळखपत्राचा प्रकार, सही. एकाने पाच जणांची नावं सांगायची पद्धत बंद. प्रत्येक प्रौढाची नोंद. आधारची प्रत घ्यायची तर पहिले आठ आकडे झाकलेली घ्या, नाहीतर ड्रायव्हिंग लायसन्स किंवा मतदार ओळखपत्र चालतं. व्हॉट्सॲपवर आलेले आधारचे फोटो केअरटेकरच्या मोबाइलमध्ये वर्षानुवर्षं पडून राहतात, ते तसे ठेवू नका.

स्थानिक पोलीस ठाण्यात जाऊन तुम्ही पाहुणे ठेवता हे लेखी कळवा आणि पोच घ्या. त्यांच्या हद्दीत वेगळा आदेश लागू असेल तर तिथेच कळतो.

आता महत्त्वाचं. परदेशी पासपोर्टवरचा पाहुणा आला की २४ तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाइन भरावी लागते. लोक तिला अजूनही ‘फॉर्म सी’ म्हणतात. १ सप्टेंबर २०२५ पासून परदेशी नागरिकांचे जुने कायदे जाऊन इमिग्रेशन अँड फॉरिनर्स ॲक्ट, २०२५ आला, तरी मुक्काम देणाऱ्याची ही जबाबदारी कायम आहे. त्यासाठी लॉगिन लागतं, आणि ते मंजूर व्हायला वेळ जातो. म्हणून पहिला परदेशी पाहुणा येण्याआधी, किंबहुना लिस्टिंग सुरू करण्याआधी, खातं उघडून ठेवा. जिल्ह्यांत हे काम सहसा पोलीस अधीक्षक कार्यालयातून होतं.

सावध : पाहुणा अस्खलित मराठी बोलतो, आडनाव ओळखीचं आहे, उकडीचे मोदक मागून खातो, पण पासपोर्ट अमेरिकेचा आणि हातात ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं). तो परदेशी नागरिकच. त्याचीही माहिती भरायची. गणपतीत आणि डिसेंबरात ही चूक घाऊक प्रमाणात होते. पासपोर्ट कुठला ते बघा, भाषेवर जाऊ नका.

## टप्पा ६ : जीएसटी

इथे दोन टोकांचे लोक भेटतात. एक म्हणतात राहत्या घराला जीएसटी नसतो. दुसरे पहिल्या दिवशीच नंबर काढून बसतात. दोघेही चुकतात.

राहण्यासाठी दिलेल्या घराच्या भाड्याला सूट आहे हे खरं, पण ती भाडेकरूच्या निवासाला. पर्यटकाचा मुक्काम ही निवाससेवा आहे, त्यावर कर आहे. १,००० रुपयांखालच्या खोल्यांना असलेली सूटही १८ जुलै २०२२ पासून गेली. सध्याचे दर २२ सप्टेंबर २०२५ पासूनचे: दिवसाला खोलीमागे ७,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के, इनपुट क्रेडिटशिवाय (म्हणजे खरेदीवर भरलेला जीएसटी वळता करता येत नाही), त्याहून महाग खोलीला १८ टक्के. आधीचा १२ टक्क्यांचा दर अजूनही अनेकांच्या दरपत्रकात तसाच आहे.

मात्र तुमची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर तुम्हाला नोंदणीची सक्ती नाही. मग ॲपवरून आलेल्या बुकिंगचा जीएसटी कोण भरतं? केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम ९(५) नुसार तो ॲपच पाहुण्याकडून घेऊन भरतं. तुम्ही काही करायचं नाही. ‘ऑनलाइन विकतो म्हणजे जीएसटी नंबर सक्तीचा’ हा नियम इथे लागू होत नाही.

थेट फोनवरून आलेल्या बुकिंगवर, नोंदणी नसताना, जीएसटी लावायचाच नाही. ‘भाडं ३,५०० अधिक जीएसटी’ असं बिल देणं आणि तो पैसा खिशात ठेवणं हा कायद्याचा सरळ भंग आहे.

२० लाखांची मोजणी नीट करा, चूक होते ती इथे:

- ती पॅनवर होते, घरावर नव्हे. रत्नागिरीतला होमस्टे, नाशिकच्या दुकानाचं भाडं आणि तुमची सल्लागार म्हणून मिळणारी फी, सगळं एकत्र.
- जीएसटीतून सूट असलेलं उत्पन्नही धरतात. दुसऱ्या फ्लॅटचं साधं घरभाडं यात मोडतं.
- ॲपचं कमिशन वजा करण्याआधीची रक्कम धरायची.

मर्यादा ओलांडली की तीस दिवसांत नोंदणी, आणि त्याच दिवशी ॲपला जीएसटी क्रमांक कळवा. त्यानंतर ॲप तुमच्या वतीने कर भरत नाही, तो तुम्ही भरायचा. ॲप फक्त ०.५ टक्के टीसीएस (तुमच्या विक्रीच्या पैशातून आधीच घेतलेला कर) कापतं. ही अदलाबदल कळवायची राहिली तर काही महिने कर कोणीच भरत नाही, आणि नंतर व्याजासकट तुमच्याकडे मागणी येते.

## टप्पा ७ : आयकर

१ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम, २०२५ लागू आहे. कलमांचे आकडे बदलले, पण सीए मंडळी अजून जुन्याच आकड्यांनी बोलतात, म्हणून इथेही तेच.

प्रश्न असा: हे उत्पन्न ‘घरापासूनचं’ की ‘व्यवसायाचं’? २०२४ च्या अर्थसंकल्पाने कायद्यात स्पष्ट केलं की मालकाने निवासी घर किंवा त्याचा भाग भाड्याने दिला तर ते उत्पन्न घरापासूनच्या उत्पन्नातच दाखवायचं, व्यवसायात नाही. भाडं व्यवसायात दाखवून खर्चांची रांग लावणाऱ्यांची वाट त्याने बंद झाली. पण रोज चादरी बदलणं, नाश्ता, केअरटेकर, स्वागत, सफाई असं सगळं देऊन मुक्काम विकणं हे नुसतं ‘भाड्याने देणं’ नाही, आणि ते व्यवसायात दाखवण्याला आधार आहे. माझं मत विचाराल तर सेवा खरोखर देत असाल, तिसऱ्या टप्प्यातली नोंदणी असेल आणि खर्चाच्या पावत्या असतील, तर व्यवसाय. किल्ली देऊन मोकळे होत असाल तर घरापासूनचं उत्पन्न. एकदा ठरवलं की दरवर्षी तेच. ज्या वर्षी जे सोयीचं ते, असं करू नका.

आकडे घालून बघू. समजा दोन खोल्या, दर ३,५०० रुपये, वर्षात प्रत्येकी १२० रात्री गेल्या. एकूण ८,४०,००० रुपये. त्यातले ६,००,००० ॲपवरून, २,४०,००० थेट यूपीआयने.

घरापासूनचं उत्पन्न धरलं तर: भरलेली घरपट्टी ४,००० वजा, राहिले ८,३६,०००. त्यावर ३० टक्के सरसकट वजावट २,५०,८००. करपात्र ५,८५,२००, आणि कर्ज असेल तर व्याजाची वजावट वेगळी. बस. केअरटेकरचा पगार, लाँड्री, वायफाय, कमिशन यांतलं काहीही वेगळं वजा होत नाही. ते सगळं त्या ३० टक्क्यांत आलं. ३० टक्केही घ्यायचे आणि लाँड्रीची बिलंही लावायची, ही विवरणपत्रातली सर्वांत जास्त दिसणारी चूक.

व्यवसाय धरला तर: ॲपचं कमिशन समजा ९०,०००, केअरटेकर १,२०,०००, सफाई-लाँड्री ६०,०००, वीज आणि इंटरनेट ४५,०००, दुरुस्ती ४०,०००, नाश्त्याचं सामान ५०,०००. खर्च ४,०५,०००, नफा ४,३५,०००. प्रत्येक खर्चाला पावती हवी, निदान बँकेतली नोंद तरी.

तिसरी वाट ४४एडीची, म्हणजे हिशोबाची वही न ठेवता उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांवर नफा दाखवायचा. बँकेतून आलेल्या पैशावर ६ टक्के, रोखीवर ८. आपल्या उदाहरणात ५०,४००. ऐकायला गोड आहे. पण ही किमान रक्कम आहे, आणि खात्यात चार लाख उरलेले दिसत असताना पन्नास हजार नफा लिहिणं म्हणजे प्रश्न ओढवून घेणं. शिवाय या वाटेने आत शिरून पाच वर्षांच्या आत बाहेर पडलात तर पुढची पाच वर्षं पुन्हा आत येता येत नाही. अनिवासी मालकाला ही सवलत मुळातच नाही.

सावध : व्यवसाय धरून स्वतःच्या घरावर घसारा (वापराने घटणाऱ्या किमतीची वजावट) घ्यायचा मोह टाळा. आज थोडा कर वाचतो. उद्या ते घर विकताना मात्र, ते तीस वर्षं तुमच्याकडे असलं तरी, नफा अल्पकालीन भांडवली नफा धरला जातो. वडिलोपार्जित घराच्या बाबतीत हा फार वाईट सौदा आहे. फर्निचर, एसी, इन्व्हर्टर यांवर घसारा घ्या, भिंतींवर नको.

टीडीएस आणि एआयएस. ॲप तुमच्या एकूण विक्रीवर ०.१ टक्का टीडीएस कापतं (कलम १९४-ओ, १ ऑक्टोबर २०२४ आधी तो एक टक्का होता). वैयक्तिक मालकाची त्या ॲपवरची वर्षाची विक्री पाच लाखांच्या आत असेल आणि पॅन किंवा आधार दिलेलं असेल तर कापत नाही. पॅन दिलं नसेल तर ५ टक्के. आपल्या उदाहरणात ६,००,००० वर ६०० रुपये. रक्कम किरकोळ आहे, पण त्यामुळे ६,००,००० हा आकडा तुमच्या एआयएसमध्ये (आयकर खात्याकडच्या तुमच्या वार्षिक माहितीपत्रकात) जाऊन बसतो. बँकेत मात्र कमिशन आणि टीडीएस जाऊन ५,०९,४०० आलेले असतात. लोक पासबुक बघून ५,०९,४०० लिहितात, आणि तफावतीची सूचना येते. विक्री पूर्ण दाखवा, आणि व्यवसाय धरला असेल तर कमिशन खर्चात दाखवा.

हिस्सेदार. घर तीन भावंडांचं आणि उत्पन्न घरापासूनचं असेल, तर ज्याच्या त्याच्या हिश्शाप्रमाणे प्रत्येकाने आपापल्या विवरणपत्रात दाखवायचं, पैसे कोणाच्याही खात्यात आलेले असोत. एकच भाऊ व्यवसाय म्हणून चालवत असेल तर सरळ मार्ग असा की त्याने इतरांना त्यांच्या हिश्शाचं भाडं द्यावं. ते त्याचा खर्च आणि त्यांचं भाडं उत्पन्न. दुसऱ्या टप्प्यातलं संमतीपत्र इथे उपयोगी पडतं.

परदेशातले मालक. दुबईत किंवा न्यू जर्सीत राहून पुण्यातला फ्लॅट चालवणाऱ्यांनी उत्पन्न एनआरओ खात्यात (अनिवासींच्या भारतातल्या उत्पन्नासाठीचं बँक खातं) घ्यावं. वडिलांच्या बचत खात्यात ‘सोयीसाठी’ घेतलं की ते उत्पन्न कोणाचं, हा नवा वाद तयार होतो. चालक कंपनीला फ्लॅट दिला असेल तर अनिवासी मालकाचं भाडं देताना टीडीएस साधारण ३१.२ टक्के कापला जातो. तो परत मिळवायला विवरणपत्र भरावंच लागतं.

आणखी एक गैरसमज. ‘नव्या करपद्धतीत बारा लाखांपर्यंत कर नाही, मग विवरणपत्र कशाला?’ बारा लाखांपर्यंत करात सूट मिळते, विवरणपत्र भरण्यातून नाही. एकूण उत्पन्न चार लाखांच्या मूळ मर्यादेवर गेलं की विवरणपत्र भरायचं. वर्षाचा कर दहा हजारांवर जाणार असेल तर आगाऊ कराच्या तारखा पाळा: १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर, १५ मार्च. ४४एडीवाल्यांना फक्त शेवटची.

## टप्पा ८ : आता लिस्टिंग

आता फोटो काढा. लिस्टिंगवरचं मालकाचं नाव, पॅनवरचं नाव आणि बँक खात्यावरचं नाव एकच असू द्या. बायकोच्या नावावर घर, नवऱ्याच्या नावावर लिस्टिंग आणि मुलाच्या खात्यात पैसे, या तिहेरी गोंधळातून टीडीएस भलत्याच पॅनवर जातो. व्यवसायासाठी वेगळं बँक खातं उघडा. पर्यटन नोंदणीचा क्रमांक लिस्टिंगवर टाका, प्रमाणपत्राची प्रत भिंतीवर लावा.

घराचे नियम मराठीत आणि इंग्रजीत छापून दाराच्या आत चिकटवा: पाहुण्यांची कमाल संख्या, रात्रीचा आवाज, पार्किंग, कचरा, विहिरीपाशी मुलांना एकटं सोडू नये. आयएसआय मार्कचा अग्निशामक स्वयंपाकघराबाहेर ठेवा आणि तो कसा वापरायचा ते केअरटेकरला शिकवा.

तपासा, पहिल्या पाहुण्याच्या आदल्या दिवशी: हिस्सेदारांची किंवा सोसायटीची संमती फाइलला आहे का, पोलीस ठाण्याची पोच आहे का, परदेशी पाहुण्यांच्या नोंदीचं लॉगिन चालतं का आणि पासवर्ड केअरटेकरला माहीत आहे का, वीज कंपनीचं उत्तर आलं आहे का. शेवटचं उत्तर बहुधा आलेलं नसतं. अर्जाची पोच तरी हवीच.

## धंदा थांबवताना

याबद्दल कोणी बोलत नाही. मुलगा परत आला, घर विकलं किंवा कंटाळा आला म्हणून नुसती लिस्टिंग बंद केली, की मागे नोंदण्या जिवंत राहतात. पर्यटन खात्याला लेखी कळवून नोंदणी रद्द करा. जीएसटी क्रमांक असेल तर रद्द करण्याचा अर्ज आणि अंतिम विवरणपत्र भरा, नाहीतर शून्य विवरणपत्रांचा विलंब आकार महिनोन् महिने चढत राहतो. वीज वर्ग बदलून घेतला असेल तर पुन्हा घरगुती करून घ्या. पाहुण्यांचं रजिस्टर, बिलं आणि बँकेचे उतारे टाकू नका. जीएसटीची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात, आयकराचीही त्याच बरोबरीने ठेवा. घर विकलं असेल तर ही फाइल नव्या मालकाला देऊ नका. त्याच्या नोंदण्या त्याने त्याच्या नावाने काढाव्यात.